दादाच्या जागी लावलेला दिवा

मी मागचा दिवा बोलतोय. पिकअपच्या मागच्या बंपरखाली, नंबरप्लेटच्या डावीकडे बसतो तो. कंपनीने बसवून दिलेला नव्हे हं! तो वर मिणमिणतो. त्याला उजेड म्हणणं म्हणजे उजेडाची चेष्टा. मी जादा, वरून लावलेला. रिव्हर्स गिअर पडला की असा पेटतो की मागच्याने डोळे झाकलेच पाहिजेत. नम्रपणे बोलायची मला सवय नाही, आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात मला तीनदा पाण्यात बुडवलं, थरथरत्या फळीवर तासभर हलवलं. मग एका बाईने मला पेटवून पाहिलं आणि 'पास' म्हणाली. माझ्या आधीचा जरा अडखळला, तर त्याला तिने मान वर न करता टोपलीत फेकलं. कामाचे आणि बिनकामाचे, एवढे दोनच प्रकार मला तेव्हापासून ठाऊक.

मला विकत घेतलं धाकट्याने. त्याची गाडी काचा पोचवते. गाडी मुळात थोरल्या भावाची, दादाची. धाकट्याला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला त्यानेच शिकवलं. पुढे दादाचा गुडघा गेला, क्लच दाबवेना, आणि गाडी धाकट्याकडे आली. दादाकडे एकच काम उरलं. गाडी मागे घ्यायची असली की उतरायचं, मागे उभं राहायचं आणि ओरडायचं, "येऊ दे, येऊ दे... डावीकडे काट... बस!"

वायरमन गाडीखाली पडून मला बसवत होता, तेव्हा स्क्रू हातात धरून दादाच उभा होता.

"असा उजेड पाहिजे," धाकटा म्हणाला, "की मागे माणूस लागताच कामा नये."

"म्हणजे मी?" दादाने विचारलं.

"तू घरी बस की आरामात. गुडघा दुखतो म्हणून रोज कण्हतोसच ना?"

"घरी बसून करू काय? भिंती बघू?"

"मग जन्मभर माझ्या मागे ओरडत राहणार? लोक हसतात, दादा. तुला उतरवायचं, तुला चढवायचं. काचा पोचवू का तुला सांभाळू?"

वायरमनने हात थांबवला. दादाने त्याला पुढचा स्क्रू दिला.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "उद्या काचवाल्याकडे दिव्यांवर घे मागे. मी तोंड उघडत नाही. कुठे लागली, तर मी गाडीवर राहणार. नाही लागली, तर परवापासून घरी."

"बघ हं. मग रडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी काचवाल्याच्या शेडमध्ये गेलो. लांबलचक पत्र्याची शेड, आत भर दुपारीही काळोख. धाकट्याने काचवाल्याला पैज सांगितली, दादा हात मागे बांधून बाजूला उभा राहिला. गिअर पडला. मी आणि माझा उजवा जोडीदार पेटलो, आणि वाहवा! काचवाला डोळ्यांवर हात धरून मागे सरला. धाकटा आरशात बघत, शीळ घालत मागे येऊ लागला.

वाट मोकळी होती. निदान मला तशी वाटली. शेडच्या टोकाला माणसापेक्षा उंच काच टेकवून ठेवली होती, नुकतीच पुसलेली. तिच्यातून मी सरळ आरपार गेलो, मला ती दिसलीच नाही.

दादाला दिसली. त्याने जबडा आवळला. नुसतं गप्प राहायचं होतं हो! काच फुटली असती आणि त्याची जागा पक्की झाली असती.

"बस!"

गाडी थांबली. बंपर आणि काच यांच्यात बोटभर जागा.

काचवाला पोट धरून हसला. "काका, गप्प बसला असतात तर जिंकला असतात ना!"

"फुटली असती हो," दादा खजील होऊन म्हणाला.

धाकटा उतरला. त्या बोटभर जागेत त्याने बोट घालून पाहिलं, आणि हात खिशात घातला. "कशी फुटली असती? मी थांबणारच होतो. लागली का कुठे? नाही ना? मग ठरलं ते ठरलं."

"खरंच थांबणार होतास?"

"म्हणजे काय! हे दिवे काय शोभेला लावलेत? तुलाच अंदाज येत नाही आता. उगाच ओरडतोस."

दादा काचेकडे बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "असेल बाबा." मला त्याची दया आली का? छे. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

त्याला आठ महिने झाले. संध्याकाळी गाडी अंगणात मागे घेतली की मी दादाच्या तोंडावर पडतो. तो पायरीवर बसलेला असतो. परवा त्याच्या डोळ्यांदेखत शेजारणीने स्कूटर मागे घेताना कुंडी फोडली. दादाची बायको धावत बाहेर आली. "अहो, ओरडायचं नाही का?" दादा म्हणाला, "मला वाटलं, तिला दिसत असेल. माझा काही भरवसा नाही आता."

काल धाकट्याने गाडी खांबावर घातली. जोडीदाराचा चुरा झाला. दादाला परत बोलावलं असेल असं वाटतं तुम्हाला? अहो, नवी जोडी ठरवली त्याने, आमच्याहून प्रखर. उद्या माझेही स्क्रू निघतील. आता मीही बिनकामाचा. तेव्हा जाता जाता एक सांगून टाकतो.

माझ्या वरच्या बाजूला ब्रेकचा लाल दिवा आहे. ब्रेकवर पाय पडल्याशिवाय तो लागत नाही. त्या दिवशी शेडमध्ये दादा ओरडेपर्यंत तो लागला नव्हता. धाकट्याला हे पक्कं ठाऊक आहे, पण तो मरेपर्यंत कबूल करणार नाही. माझा आवाज दादापर्यंत पोचत नाही. तुम्ही कधी त्या अंगणात गेलात, तर पायरीवर त्याच्या शेजारी बसा आणि सांगा, "दादा, तुम्ही ओरडलात तोवर ब्रेकवर पाय नव्हता."