आंदणाची गाडी

जालन्याच्या हुकमचंद शेठच्या ट्रान्सपोर्टमध्ये कॉम्प्युटर आला तो लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. शेठनी त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग सुनेला विचारलं, ‘‘हे खोकं माल उचलतं का?’’

सून म्हणजे संतोषबाई. ती म्हणाली, ‘‘माल हमाल उचलतील, बाबूजी. कोणता माल कोणत्या गाडीत टाकायचा, ते हे सांगंल.’’

‘‘ते तर मी चाळीस साल सांगून राह्यलो. मला कुठं वायर लागली?’’

पण वायर लागायची वेळ आलीच होती. भरगच्च गाड्यांचा धंदा संतोषबाईचा नवरा राधेश्याम नागपुरात बसून बघत होता. जालन्याच्या गादीवर उरला होता फुटकळ माल. कुणाची दोन खोकी, कुणाचे चार पाइप, कुणाची पिठाच्या गिरणीची मोटर. एकेकट्या मालाला गाडी परवडत नाही, आणि दहा जणांचा माल जमेपर्यंत पहिला माणूस बोंबलत दारात उभा. हा मेळ पूर्वी शेठ डोक्यात घालत. अलीकडे त्यांच्या डोक्यात अंबडची खोकी परतूरच्या गाडीत जायला लागली होती, आणि हे त्यांना कुणी सांगायची छाती नव्हती.

संतोषबाई बी.कॉम. होती. पदवी लग्नानंतर ट्रंकेत गेली ती गेलीच. मुलं मोठी झाली, तेव्हा तिनं औरंगाबादेतून एक प्रोग्राम मागवला. मालाचं वजन, आकार, गाव आणि उतरवायला लागणारा वेळ टाकला, की तो कोणत्या फेरीत काय भरायचं ते सांगे. गाडी येताना किती रिकामी आहे तेही सांगे, म्हणजे परतीचा माल शोधता येई. डोक्यावरचा पदर न ढळू देता ती सासऱ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसली, हीच बातमी बाजारात आठवडाभर पुरली. घरात सासऱ्यांसमोर मान वर करायची सोय नव्हती. गादीवर मात्र बोलावंच लागे, आणि तेही मराठीत. गादीवर मारवाडी बोलायचं नाही, हमालांना वाटतं आपल्याबद्दलच बोलून राह्यले, हा शेठचाच नियम होता.

शेठनी एक अट घातली. ‘‘होळीपर्यंत चालव. पण एकाबी जुन्या गिऱ्हाइकाची बोंब आली, तर त्या खोक्यावर कापड टाकायचं आन् घरी बसायचं. मंजूर?’’

‘‘मंजूर,’’ संतोषबाई म्हणाली. आणि जुन्या लाल चुनरीचं एक कापड तिनं स्वतःच शिवून आणलं, गोटा लावून. रात्री धूळ बसू नये म्हणून, असं तिनं सांगितलं. पण ते कापड कपाटात पडूनच राहिलं. तिनं ते कॉम्प्युटरवर एकदाही घातलं नाही. हातानं अपशकुन कशाला करायचा?

माघ सरत आला तरी बोंब आली नव्हती. संतोषबाईला सकाळी गादीवर यायची चटकच लागली होती. स्वयंपाकघरात तिचं चुकत नव्हतं तरी कुणी बरोबरही म्हणत नव्हतं. इथं फेरी बरोबर बसली की पडद्यावर हिरवी पट्टी येई, आणि ती हिरवी पट्टी तिला घरातल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा मोठी वाटे.

अशात एक दिवस टेंभुर्णीचे रखमाजी आणि त्यांची बायको गोजरबाई आले. मुलीचं लग्न होतं, वाटूर फाट्याच्या आतल्या एका खेड्यात, नवऱ्याच्या दारी. आंदण त्यांनी जालन्यातच घेतलं होतं. लोखंडी कपाट, पलंग, गादी, भांड्यांची दोन पोती. पूर्वी असं सामान वऱ्हाडाबरोबर ट्रॅक्टरमधूनच जायचं. आता लोक शहरात खरेदी करून परस्पर पाठवायला लागले होते.

‘‘आमच्या आधी पोचू द्या, बाई,’’ रखमाजी म्हणाले. ‘‘आमी आलो की मी माझ्या हातानं देईन.’’ बोलताना त्यांचा हात कपाटाच्या दारावरून फिरत होता, बैलाच्या पाठीवरून फिरावा तसा. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली रुमालाच्या कोपऱ्यातून सोडवून दिली. ‘‘लगनाच्या गडबडीत हरवंल. गाडीसंगंच पाठवा.’’

संतोषबाईनं किल्ली खणात ठेवली.

त्याच संध्याकाळी मंठ्याच्या अण्णासाहेबांचा फोन आला. अण्णासाहेब म्हणजे जिनिंगवाले, शेठचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या जिनिंगचा शाफ्ट मोडला होता, जालन्यात नवा करून ठेवला होता, आणि तिकडं मंठ्यात कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागली होती. ‘‘स्वतंत्र गाडी करा, शेठ. उद्या दुपारच्या आत पाहिजे.’’

संतोषबाईनं पडद्याकडं पाहिलं. मंठ्याची फेरी उद्या होतीच. रामनगरची औषधाची खोकी, वाटूरकडचं आंदण, शेवटी मंठा. शाफ्ट टाकला आणि हिरवी पट्टी आली. गाडीत हात घालायला जागा नाही, आणि अकराच्या आत मंठा.

‘‘स्वतंत्र कशाला, काका?’’ ती फोनवर म्हणाली. ‘‘दुपारच्या आत पोचतो. माझी जबान.’’

शेठनी चष्म्यावरून पाहिलं, फेरीचा कागद वाचला आणि मान हलवली. मुनीम धर्मराजही म्हणाला, ‘‘बराबर बसतंय, भाभीजी.’’ तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, की आंदण उतरवायला संतोषबाईनं अर्धा तास टाकला होता. औषधाच्या खोक्यांना टाकला होता तसाच.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेले आणि अण्णासाहेबांचा पहिला फोन आला. गोड होता. दुसरा एक वाजता आला. तो शेठनी घेतला, आणि पलीकडचा आवाज संतोषबाईला खुर्चीत बसून ऐकू येत होता. शेठनी फोन ठेवला. त्यांनी फेरीचा कागद पुन्हा वाचायला घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पेन शोधायला तिनं खण उघडला, तर आत किल्ली. ड्रायव्हर मच्छिंद्रच्या हाती द्यायची राहिली होती.

‘‘बाबूजी, मी जाऊन बघते,’’ ती उठली. ‘‘किल्लीबी ऱ्हायली. चूक माझीच हाय.’’

घरची सून ट्रक शोधायला निघते, हे शेठच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. पण ते एवढंच म्हणाले, ‘‘धर्मराज, व्हॅन काढ.’’

ट्रक सापडायला वेळ लागला नाही. मांडवाच्या तोंडाशीच उभा होता. पुढच्या काचेवर आंब्याच्या डहाळ्या, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं. आणि मच्छिंद्र? तो सतरंजीवर लोडाला टेकून बसला होता. डोक्यावर कोरी टोपी, गळ्यात कोरा टॉवेल, कपाळावर हातभर गंध, हातात तिसरा का चौथा चहा. नवरदेवाच्या खालोखाल त्याचाच थाट होता. संतोषबाईला पाहून तो उठला आणि रडकुंडीला आला.

‘‘भाभीजी, मी सोडा सोडा म्हणून राह्यलो सकाळपून! हे म्हणतेत, आंदणाच्या गाडीचा डायवर म्हंजे नवरीकडचा पाव्हणा. उतरूबी देईनात, जाऊबी देईनात.’’

गाडीला टेकून नवऱ्यामुलाची आई द्वारकाबाई उभी होती. पदर खोचलेला, आवाज खणखणीत. ‘‘नवरीकडचं माणूस आल्याबिगर आंदणाला हात लावत न्हाईत, बाई. उद्या म्हनतेल, दोन भांडी कमी भरली. त्यांच्या माणसानं वर चढून एकेक वस्तू द्यायची, आमी खाली घ्यायची. रीत हाय.’’

‘‘मग ते कधी येणार?’’

‘‘येतेल की. टेंभुर्णीहून निघालंय म्हणं वऱ्हाड.’’

वऱ्हाड निघालंय म्हणजे अजून कुणीतरी न्हाणीघरात आहे, हे कळायला कॉम्प्युटर लागत नाही. आणि शाफ्ट तळाशी होता. मंठा शेवटचं गाव म्हणून तो सगळ्यात आधी भरलेला, त्यावर पलंग, त्यावर कपाट. आंदण उतरल्याशिवाय तो निघत नव्हता.

संतोषबाईनं घड्याळाकडं पाहिलं नाही. तिला अण्णासाहेब दिसत होते, शेठचं मुकं तोंड दिसत होतं आणि लाल चुनरीचं कापड दिसत होतं. ती म्हणाली, ‘‘मीच नवरीकडची. हे सामान माझ्या डोळ्यांसमोर भरलंय. भांडीसुद्धा मी मोजलीत.’’

द्वारकाबाईनं तिला नखशिखान्त न्याहाळलं. अंगावरचं सोनं, डोक्यावरचा पदर, मारवाडी धाटणीची साडी. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती वळून ओरडली, ‘‘ए, पाणी आणा गं! नवरीच्या मावशी आल्या!’’

पाय धुतले, कुंकू लावलं, ओटी भरली. आणि मावशी ट्रकवर चढल्या. जन्मात कधी ट्रकवर न चढलेली बाई वर उभी राहून एकेक भांडं मोजून देत होती आणि खाली बायका मोठ्यानं मोजून घेत होत्या. पलंग उतरला, कपाट उतरलं, मांडवात मांडलं. मच्छिंद्रनं टोपीसकट उडी मारून स्टेअरिंग धरलं आणि गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली.

संतोषबाईनं सुटकेचा श्वास टाकला आणि व्हॅनकडं निघाली, तर द्वारकाबाईनं दंडच धरला. ‘‘कुठं? नवरीकडचं माणूस अक्षदा पडायच्या आधी जातंय होय?’’

झाली की पंचाईत! स्वतःच्या तोंडानं नातं लावलं होतं, आता निस्तरायचं कसं? ती सतरंजीवर बसून राहिली.

उन्हं कलली तेव्हा वऱ्हाड आलं. रखमाजी सगळ्यात आधी उतरले. अंगात नवी बंडी, हातात नारळ. ते ट्रक शोधत होते. मग त्यांना मांडवातलं कपाट दिसलं. भोवती पोरं नाचत होती, गावातली माणसं दारावर टिचक्या मारून पत्र्याची जाडी पाहत होती.

‘‘कुणी उतरवलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तुमच्याच मावशींनी की,’’ द्वारकाबाई म्हणाली.

रखमाजींनी संतोषबाईला ओळखलं. नारळ धरलेला हात नुसता खाली आला. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. दोघं तिथंच उभी राहिली, दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखी.

तेव्हा संतोषबाईला आठवलं. माझ्या हातानं देईन, असं हा माणूस तिच्यासमोर बोलला होता. तिनं ते ऐकलं होतं, आणि तरी अर्धा तास टाकला होता. तिनं आपली जबान सांभाळली आणि त्याच्या हातातलं देणं काढून घेतलं. तिला मनापासून लाज वाटली. अण्णासाहेबांची, शेठची वाटली नव्हती तेवढी.

ती उठली. कमरेची किल्ली सोडवली.

‘‘भाऊ,’’ ती म्हणाली, ‘‘मी नुसतं उतरवलंय. कपाट अजून कुणी उघडलं न्हाई. किल्ली तुम्हीच द्यायची म्हणून मी थांबले.’’

हे निम्मं खोटं होतं. ती अडकून पडली म्हणून थांबली होती. पण निम्मं खरं होतं, आणि तेवढ्यावर रखमाजींचं काम भागलं. त्यांनी किल्ली कपाळाला लावली. कपाटापाशी गेले, दारावरून हात फिरवला, उघडलं, रिकामे खण सगळ्यांना दाखवले, पुन्हा लावलं. मग नारळ फोडून किल्ली द्वारकाबाईच्या ओंजळीत ठेवली. ठेवली, पण त्यांची बोटं लवकर सुटेनात. द्वारकाबाईसारखी बाई, पण तीही ओंजळ तशीच धरून राहिली.

अक्षता पडल्यावर, दोन घास पोटात गेल्यावरच संतोषबाईची सुटका झाली. ती व्हॅनमध्ये बसताना रखमाजी जवळ आले. ‘‘मावशी म्हणून थांबल्या, लई झालं,’’ एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते.

घरी पोचली तेव्हा शेठ जेवून झोपले होते. शाफ्ट पोचला होता, उशिरा. अण्णासाहेबांनी बोंब मारायची ती मारलीच होती, तीही अशी की सासूनंसुद्धा तिला ताट वाढताना वर पाहिलं नाही.

सकाळी ती गादीवर गेली. कॉम्प्युटरवर लाल चुनरीचं कापड घातलेलं होतं. चारी कोपरे नीट ओढून.

संतोषबाई दारातच थांबली. अट तिनंच मंजूर केली होती. तिनं डोळे पुसले आणि खणातल्या आपल्या चार वस्तू गोळा करायला लागली.

‘‘काय करून राह्यली?’’ शेठनी विचारलं.

‘‘कापड टाकलंत ना तुम्ही.’’

‘‘रात्री धूळ बसती म्हणून टाकलं. तूच शिवलं होतं ना त्यासाठी? काढ ते. माल येऊन पडलाय.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘अण्णासाहेबांना म्हणलं, शाफ्टचं भाडं माफ. पण तुमच्या घरचं लगन असतं, तर आंदणाची गाडी तुम्ही तरी सोडली असती का? तवा कुठं फोन ठेवला त्यांनी. धर्मराजनं मला सगळं सांगितलंय. फेरीच्या कागदावर मान मीबी हलवली होती.’’

तिनं कापड काढलं, घडी घातली. बटण दाबलं. शेठ खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले, पहिल्यांदाच.

‘‘आता लिही. आंदणाला अर्धा दिवस. आंदण शेवटच्या गावालाच, त्याच्या पुढं दुसरा माल न्हाई. आन् नवरीचा बाप केबिनमधी बसल्याबिगर आंदणाची गाडी जालन्यातून हलणार न्हाई.’’

ती भराभर बोटं चालवत होती. शेवटच्या रकान्यात कर्सर लुकलुकत थांबला. हा प्रोग्राम वजनाशिवाय काही घेत नसे, मग ते खोकं असो की माणूस.

‘‘बाबूजी, बापाचं वजन किती टाकू?’’

शेठ विचारात पडले. त्यांची मुलगी सुगनबाई इंदूरला दिली होती. तिच्या आंदणाची गाडी त्यांनी स्वतः नेली होती, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली असतील.

‘‘जाताना सत्तर किलो टाक,’’ ते म्हणाले. ‘‘येताना तो बसलेला असला तरी गाडी रिकामीच धर.’’

संतोषबाईनं तसंच टाकलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली. शेठ उठून हमालांवर ओरडायला गेले.