दोन्ही हातांचा सलाम

कोकंद शहराच्या सुतारआळीत मामासोली उस्ताइतका उतावळा कारागीर झाला नाही. त्याच्या घाईला भिऊन झाडं आपणहून फळ्या होऊन दारात यायची, असं सांगणारे आहेत. मी तेवढं म्हणणार नाही. एखाददुसरं झाड आलं असेल.

अशा माणसाच्या नशिबी रबरी गोंद आला. फळीला लावायचा, सनमायकाच्या पाठीला लावायचा आणि दोन्ही वेगळे ठेवून गप्प बसायचं. ओला असताना चिकटवाल तर फुगे, फार वाळवाल तर धरत नाही, आणि एकदा टेकला की केसभरही सरकत नाही. तो नेमका क्षण उस्ताला जन्मात ओळखता आला नाही. ओळखायची त्याची मुलगी, ओयदिन. बोटाची उलटी बाजू गोंदाला लावायची आणि बापाला म्हणायची, "दादा, आता."

त्या दिवशी चायखान्याच्या लांबलचक मेजाला गोंद लावून झाला होता आणि उस्ता अंगणात पिंजऱ्यातल्या लांडग्यासारखा फेऱ्या मारत होता. गोंदापायी नव्हे. पलीकडच्या गल्लीतल्या तुर्गुनने, बूट शिवणाऱ्याने, आपल्या लेकासाठी, इल्होमसाठी, ओयदिनला दोनदा मागणी घातली होती आणि उस्ताने दोनदा 'मुलगी लहान आहे' म्हणून परतवलं होतं. दोनदा परतवणं ही रीतच आहे. पहिल्या हाकेला मुलगी द्यायला ती काय भोपळा आहे? पण तिसऱ्यांदा परतवलं की दार बंद. आज तुर्गुन स्वतः येणार होता. ओयदिनने तर आईला सरळ सांगून टाकलं होतं, की इल्होम मला पसंत आहे. तेव्हापासून उस्ताच्या घशाखाली नान उतरत नव्हती. ही गेली तर 'आता' कोण म्हणणार? हे बोलून दाखवायची लाज, म्हणून 'मुलगी लहान आहे' हेच त्याने पुन्हा जिभेवर घोळवून ठेवलं होतं.

तुर्गुन लेकाला घेऊन आला तो तरातरा. त्यानेही बुटांच्या तळांना गोंद लावून ते वाळत ठेवले होते; तोवर बसून काय करायचं, म्हणून सोयरीक उरकायला निघालेला. दोघा बापांनी रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी सलाम केला. घर कसं, पोरं कशी, म्हातारी कशी, गाय कशी, जर्दाळू कसे, सगळ्यांची खुशाली विचारून होईतो हात सोडायचे नसतात. जर्दाळूंपर्यंत आले आणि हात सुटेनात.

"सोड," उस्ता दबक्या आवाजात म्हणाला.

"मी धरलंय कुठे? तुझा गोंद आहे."

"तुझाही आहे. एकाच बाजूला लावून हा चिकटत नाही."

एवढ्यात शेजारचे एर्गश बोबो भिंतीवरून डोकावले. म्हाताऱ्याचा जन्म गुरांच्या बाजारात दलालीत गेलेला. तिथे दलाल दोघांचे हात एकमेकांत देऊन हलवतो. सौदा पटेना तर हात ओढून घेतात, सुटले नाहीत तर पटला. बोबोंनी पाहिलं, हात घट्ट.

"पटलं," ते बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले. "बरकत होवो, व्याह्यांनो."

आळीभर ऐकू गेलं. बायका नान घेऊन आल्या. उस्ता 'नाही, नाही' म्हणत होता, पण ज्याचे हात व्याह्याच्या हातात, त्याच्या नाहीला कोण विचारतो?

"दादा, आता," मेजापाशी ओयदिन म्हणाली.

उस्ता धावला, तुर्गुन फरफटत मागे. हात रिकामे होते ते फक्त इल्होमचे. ओयदिनने मान हलवली तसं त्याने सनमायकाचं दुसरं टोक उचललं. अवेळी टेकू नये म्हणून मधे काठ्या ठेवून सनमायका वर तोलला, मग ती एकेक काठी काढत गेली आणि दोघं मधून कडेकडे दाबत गेले. उस्ता खेकड्यासारखा मेजाभोवती फिरत फुगा शोधत होता. एक सापडावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सापडला नाही.

पेट्रोल चोळून एकदाचे हात सुटले. बोबो काहीही म्हणोत, मुलीच्या बापाने तळवे पसरून दुआ मागितल्याशिवाय सोयरीक होत नाही. उस्ताच्या जिभेवरचं वाक्य अजून तिथेच होतं. तुर्गुन खाली बघत तळहात खरवडत होता. ओयदिन मात्र बापाकडे बघत होती.

उस्ता चुळबुळला, खाकरला.

"ती लहान..." म्हणाला आणि थांबला. "लहान होती तेव्हापासून 'आता' हीच सांगते. मला काय कळतंय?"

आणि त्याने दोन्ही तळवे आभाळाकडे उघडले. जरा लांब लांबच धरले.