आगरबंदरचा तारांकित प्रश्न

अर्ध्या मिशीविरुद्ध एक टोपली मासळी, अशी पैज लागली तेव्हा आगरबंदरच्या मासळीबाजारात रविवारचे साडेदहा वाजले होते, आणि हरेश्वरच्या बायकोने, कमळने, पहाटे चारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

पैज मात्र पाण्यावरून नाही लागली. ती लागली एका पाटीवरून.

बाजाराच्या फाटकावर दोन वर्षं एक निळी पाटी होती. ‘महिला मासळी विक्रेत्यांसाठी शौचालय. काम पूर्ण.’ खाली बाण. बाणाच्या मागे मागे गेलं की आधी बर्फवाल्याचं दुकान, मग भिंत, भिंतीला भगदाड, आणि भगदाडापलीकडे अंधेरीच्या वाट्याला उरलेली खाडी. तिथे शौचालयाच्या जागी दोन बगळे तेवढे उभे असायचे. हरेश्वरने या बाणाची पुरेपूर मजा करून घेतली होती. पवईकडून गाडी काढून पापलेट घ्यायला आलेल्या चकचकीत मंडळींपैकी कोणी दबक्या आवाजात विचारलं की हा गंभीर चेहरा करून सांगायचा, “सरळ जा, एसी आहे.” मंडळी चिखलाने भरलेले बूट घेऊन परत यायची तेव्हा हा कोलंबी निवडत असायचा, अगदी साळसूद.

त्या रविवारी पाटीखाली श्यामकांत चौबळ उभे होते. बाजाराला लागून असलेल्या सुखनिवास सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायचे. मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झालेले. मासे जीव की प्राण, पण बाजारात पाय टाकायचे नाहीत. आत त्यांची बायको शुभा घासाघीस करायची आणि हे फाटकाशी छत्रीसारखे ताठ उभे.

“श्यामभाऊ, आत या की!” हरेश्वर ओरडला. “चावत नाहीत. मेलेत सगळे.”

“मला इथेच बरं आहे.”

“पाटी वाचताय काय? वाचा, वाचा. येत्या अधिवेशनात शर्मिष्ठाताईंना सांगून विधानसभेत तारांकित प्रश्नच टाकतो हिच्यावर. मंत्र्याला उभं करतो, की दाखव बाबा तुझं संडास!”

शर्मिष्ठाताई म्हणजे तिथल्या आमदार. श्यामकांत एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

“हरेश्वर, अरे, उत्तर मी तुला आत्ताच सांगतो. ‘हे खरे नाही.’ आणि त्याच्याखाली, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? अर्ध्या महाराष्ट्राचे प्रश्न मी उद्भवूच दिले नाहीत.”

बाजार हसला. हरेश्वरला दुसऱ्याने हशा घेतलेला चालत नसे.

“लावा पैज! मंत्री सभागृहात उभा राहून स्वतःच्या तोंडाने ‘हे खरे आहे’ म्हणणार.”

“अंशतः खरे आहे, असं म्हणाला तर?”

“तर तुम्ही जिंकलात. अख्खं खरं पायजे.”

“आणि तू हरलास तर?”

हरेश्वरने मिशीवर हात फिरवला. कोळीवाड्यात त्या मिशीला मान होता. “अर्धी उतरवीन. एका बाजूची. आणि आठ दिवस तसाच बाजारात बसेन.”

“अर्धी कशाला, पुरी लाव,” कमळ बोंबील साफ करता करता म्हणाली. “नायतरी कालवणात बुडते.”

“आणि तुम्ही हरलात, श्यामभाऊ, तर इथे कमळच्या जागेवर बसून एक टोपली मासळी विकायची. ओरडून! गिऱ्हाईक बोलावून!”

“अहो, लावा ना!” शुभाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. “तुम्हीच जिंकणार म्हणता, मग घाबरता काय?”

श्यामकांतांनी फाटकाबाहेरूनच हात पुढे केला. हरेश्वरने बोंबलाचा हात तसाच मिळवला.

आता खरं सांगायचं तर हरेश्वरला मिशीची पडलेली नव्हती. दिवाळीनंतर एका सकाळी कमळ टोपलीवरच वाकली होती, कमरेत कळ येऊन. रिक्षातून नेताना हरेश्वर सगळा वेळ विनोद करत राहिला आणि कोणीच हसलं नाही, तो स्वतःसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, मुतखडा. दिवसाला तीन लिटर पाणी प्या. कमळ म्हणाली, “प्यायला मी कधी नाय म्हटलं? पण पिऊन जाऊ कुठं?” डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. शुभाताई म्हणायच्या, माझ्याकडे ये गं. पण चार मजले चढून उतरायचे, तोवर गिऱ्हाईक गेलं आणि मांजर आलं. बाजारातल्या साठ बायका तेच करायच्या, दुपारी घरी जाईपर्यंत तोंड कोरडं ठेवायचं. तेव्हा हरेश्वरला ते ‘अख्खं खरं’ हवंच होतं.

शर्मिष्ठाताईंनी ऐकून घेतलं. “विचारते. पण अधिवेशन मार्चमधे, प्रश्न खूप आधी द्यावा लागतो. आणि नीट लिहून आणा हो. ढिसाळ प्रश्नाला ढिसाळ उत्तर येतं.”

ते ‘नीट’ हरेश्वरच्या डोक्यात फिरत राहिलं. आगरबंदरात नीट लिहिणारा माणूस एकच होता आणि तो पैजेच्या पलीकडच्या बाजूला बसला होता.

दोन दिवसांनी हरेश्वर कागद घेऊन चौथ्या मजल्यावर हजर.

“श्यामभाऊ, पैज पैजेच्या जागी. प्रश्न लिहिलाय, नुसता कानावर घालतो. तुम्हाला काय, जिंकायचंच आहे.” आणि घसा खाकरून त्याने वाचलं, “‘मंत्रीमहोदयांना थोडी तरी लाज वाटते काय, वाटत असल्यास किती, आणि आमच्या बायकांनी काय खाडीत उड्या मारायच्या काय?’”

श्यामकांतांना ठसका लागला. “हा प्रश्न आहे की शिमगा?”

“पुढे अजून आहे. ‘सदर संडास चोरीला गेले असल्यास...’”

“दे इकडे!” त्यांनी कागद ओढून घेतला. खिशातून लाल पेन निघालं. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी ते पेन रोज शर्टाला असायचं. “लाज किती हे कोण मोजणार? खातं? आणि उत्तर काय देतील, सांग? ‘हे खरे नाही.’ झालं, संपलं!”

“मग कसं लिहितात?” हरेश्वरने बाळबोध तोंड केलं.

“अरे, आधी ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’, मग ‘नसल्यास’. मांडणी असते काहीतरी! आणि मुख्य म्हणजे...” श्यामकांत खुर्चीच्या कडेला आले. आवाज खाली गेला, जसा स्वयंपाकातली खुबी सांगताना बायकांचा जातो. “बांधलं की नाही, हे विचारायचंच नाही एकटं. फाईलवर बांधलेलंच आहे. अधिकारी फाईल बघून लिहील, बांधलं आहे. त्याचं काय जातंय? त्याला विचारायचं, नळजोडणीचा क्रमांक काय आणि ती कुठल्या तारखेला दिली. शौचालय आहे म्हटलं की पाणी आलं. पाणी दुसऱ्या खात्याचं. त्यांच्या वहीत नसलेला नंबर हा कुठून आणणार? विधानसभेत खोटा नंबर छापला तर हक्कभंग. त्या कागदावर सही कोण करेल? खालचा वरच्याकडे पाठवेल, वरचा खालच्याकडे. शेवटी वैतागून लिहितील, ‘हे खरे आहे.’ दुसरा रस्ताच नाही!”

पेन सपासप चालत होतं. शुभाताई चहा घेऊन आल्या आणि खांद्यावरून वाचत थांबल्या.

“अहो, तुम्ही लिहिताय कोणाच्या बाजूने?”

“बाजू कसली? वाक्य चुकलंय त्याचं!”

शुभाताईंनी हरेश्वरकडे पाहिलं. हरेश्वर छतावरचा पंखा बघण्यात गुंग होता. त्यांनी निमूटपणे त्याच्या बशीत एक बिस्कीट जास्त ठेवलं.

प्रश्न गेला. कागद तोच, लाल अक्षरासकट. ताईंनी त्यातला एक काना हलवला नाही.

मार्चमधे एका सकाळी फोन आला. प्रश्न यादीत लागला होता, अकरावा. श्यामकांतांनी फाटकातूनच बाजाराला शहाणं केलं, “तासाभरात सहा-सात प्रश्न होतात. अकरावा पुकारलाच गेला नाही तर मंत्री तोंड कशाला उघडतोय? कागदावर छापलेलं धरायचं नाही हं! हरेश्वर, वस्तरा काढून ठेव.”

हरेश्वरने मोबाईल बर्फाच्या पेटीवर उभा केला. चित्र अडकत होतं, आवाज येत होता. बायका हातातली कामं टाकून गोळा झाल्या. गिऱ्हाईकं खोळंबली, मग तीही ऐकायला लागली. पाचव्या प्रश्नावर गोंधळ झाला, सात मिनिटं गेली. हरेश्वरचा हात मिशीकडे गेला. पण आठवा, नववा विचारणारे सदस्यच गैरहजर निघाले, आणि दहावा मंत्र्यांनी चार वाक्यांत उरकला. घड्याळात पाच मिनिटं उरली होती.

“प्रश्न क्रमांक अकरा.”

मंत्री उठले. “अध्यक्ष महोदय, उत्तर छापील स्वरूपात पटलावर ठेवलं आहे.” आणि बसले.

“बघ!” श्यामकांत फाटकातून म्हणाले. “बोलला का? नाही बोलला!”

हरेश्वरने मोबाईलचा आवाज वाढवला. आदल्या संध्याकाळी त्याने ताईंना फक्त एवढंच कळवलं होतं की, बाजार ऐकत असेल.

“अध्यक्ष महोदय,” शर्मिष्ठाताईंचा आवाज आला, “माझ्या मतदारसंघात आत्ता साठ कोळणी बर्फाच्या पेटीवर मोबाईल ठेवून ऐकत आहेत. त्यांच्या हातात कोयते आहेत, छापील उत्तर धरायला हात रिकामा नाही. मंत्रीमहोदयांनी पहिल्या भागाचं उत्तर कृपया वाचून दाखवावं.”

सभागृहात हशा पिकला. मंत्री पुन्हा उठले. कागदाची फडफड मोबाईलमधूनसुद्धा ऐकू आली.

“शौचालय प्रत्यक्षात अस्तित्वात नाही... हे...” मंत्र्यांनी घसा साफ केला. “हे खरे आहे.”

बाजारात जो आवाज झाला त्याने खाडीतले दोन्ही बगळे उडाले. त्या गलक्यात पुढचं अर्धंच ऐकू आलं. ताई म्हणत होत्या, “आमच्याकडे नवीन काही झालं की वाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई नारळ फोडते. दोन वर्षांपूर्वी काम पूर्ण झालं म्हणता, तर ती म्हातारी दोन वर्षं नारळ घेऊन कुठे उभी राहू विचारते आहे. तारीख द्या.” आणि मंत्री, बिचारे तेही हसत होते, म्हणाले की तीन महिन्यांत पक्कं बांधू, चौकशी लावू, आणि तोवर फिरतं शौचालय आठ दिवसांत उभं करू.

 कमळ पाटावर बसून राहिली आणि पदराने तोंड पुसत राहिली, घाम नसताना.

फिरतं शौचालय आठ नाही, अकरा दिवसांनी आलं. हिरवी गाडी, पाच दारं, पाण्याची टाकी. हरेश्वरने स्वतः शिडी लावून पाटीवरचा बाण खरवडला आणि नवा काढला, गाडीकडे. म्हातारीने नारळ फोडला.

आणि त्या रविवारी श्यामकांत चौबळ पहिल्यांदा फाटकाच्या आत आले. पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, शर्टाला लाल पेन. सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. शुभाताई सगळ्यात पुढे, हातात मोबाईल. कमळने त्यांना आपला पाट दिला, समोर टोपली ठेवली, पापलेट आणि थोडे बांगडे.

“ओरडा, श्यामभाऊ!” हरेश्वरने अख्ख्या मिशीला पीळ दिला.

श्यामकांतांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “या... यावे,” ते पुटपुटले.

“ऐकू नाय आलं!” साठ बायका.

तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन पुढे आली. “काय हो, पापलेट ताजं आहे का?”

श्यामकांत एकदम ताठ बसले. इतक्या वर्षांचा आवाज गळ्यात आला, खणखणीत. “हे खरे आहे!”

बाजार हसून कोसळला. माणसाला सूर सापडला की सापडला. पुढचा तासभर ते असे काही ओरडत होते की शेजारच्या गल्लीतले लोक मासे नको असताना रांगेत उभे राहिले. कोणी बांगडा शिळा म्हटलं की ‘हे खरे नाही’, कोणी डोळे लाल आहेत म्हटलं की ‘अंशतः खरे आहे’. टोपली तळाला आली.

मधेच त्यांनी मान न वळवता हरेश्वरला विचारलं, “तो शिमगा मुद्दाम लिहून आणला होतास ना?”

“तुम्हाला कधी कळलं?”

“दुसऱ्या ओळीला.” श्यामकांतांनी बांगडा उचलून गिऱ्हाईकाच्या पिशवीत टाकला. “चोरीला गेलेलं संडास! मला काय समजतोस रे?”

हरेश्वरने पुढचा बांगडा स्वतः पुसून त्यांच्या हातात दिला.

त्याच्यामागे कमळ पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी होती. सकाळचे दहा वाजले होते. अर्धी संपवून तिने दम घेतला आणि उरलेली अर्धीही संपवली.

शेवटचं पापलेट उरलं. एक गृहस्थ ते उलटंपालटं करत म्हणाले, “शेवटचं आहे, काका. भाव थोडा कमी होईल का?”

श्यामकांतांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि साठ कोळणी, हरेश्वर, चौथ्या मजल्यापर्यंतच्या गॅलऱ्या, सगळ्यांनी एका सुरात त्यांना साथ दिली,

“प्रश्न उद्भवत नाही!”