सहा चौकटी

रेल्वेतल्या स्फोटात चौतीस जण गेले, त्यांत पिंप्राळ्याचा योगराज होता. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. तेरावं व्हायच्या आत चौकात होर्डिंग लागलं. एका कोपऱ्यात योगराज, बाजूला पुढाऱ्याचा त्याच्या दुप्पट चेहरा आणि मधे लाल अक्षरांत 'मला बदला हवा!'

शेजारच्या कामिनीताई शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत पानभर कॉमिक काढायच्या. योगराजची बायको मोहिनी त्यांच्याकडे येऊन बसली.

"ताई, साधी पाल दिसली तरी हे मला हाक मारायचे. आणि यांच्या तोंडी हे असलं?"

ताईंनी सहा चौकटी काढल्या. मोहिनी स्कूटरवर कामाला निघते. चौक टाळायला गल्लीत वळते, तिथंही तेच होर्डिंग. पुढच्या वळणावरही तेच. शेवटी ती स्कूटर ढकलत घरी परत येते. शब्द एकही नाही.

मोहिनीनं कागद जवळ ओढला. "छापा," म्हणाली.

संपादक पुनीत म्हणाला, "ताई, निवडणूक तोंडावर आहे. मुलांसाठी काहीतरी हलकंफुलकं द्या ना."

ताईंनी ते पान फोनवरूनच लोकांना पाठवलं. दोन दिवसांत ते धुळ्यापर्यंत पोचलं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी ताईंविरुद्ध घोषणा सुरू झाल्या आणि मुख्याध्यापकांनी ताईंना रजेवर जायला सांगितलं. संध्याकाळी एक व्हिडिओ आला. मोहिनीच्या शेजारी तिचा दीर हिलाल उभा होता. त्याला होर्डिंगवरच्या पुढाऱ्याच्या पक्षाचं तिकीट कबूल झालेलं. मोहिनी खाली बघून म्हणत होती, "हे चित्र मला न विचारता काढलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या दारानं आली.

"घर दिरांच्या नावावर आहे, ताई. पोरगी डिंपल दहावीला. जाऊ कुठं?"

"मी काही म्हटलं का तुला?"

"म्हणा ना. शिव्या तरी द्या."

ताईंना त्या देता आल्या नाहीत. मोहिनी रडून गेली. नंतर रस्त्यात भेटली तरी नजर चुकवायची.

पुरवणीतलं ताईंचं पान राशिभविष्याला गेलं. पेपरात मृतांची यादी आली होती, ती घेऊन ताई एसटीनं त्यांच्या घरोघरी फिरू लागल्या. पारोळ्यात दार उघडलंच नाही. धुळ्यात एका बाईनं हात जोडून परत पाठवलं. शिंदखेड्यात जीवरामआबा ओट्यावर बसले होते.

"तू बी फोटो काढाले उनी का?"

"नाही आबा. चित्रं काढते. तुम्ही सांगाल तेवढंच. छापेल कोण, ते मात्र माहीत नाही."

"बठ्ठा लोक येतस, बोलतस, चालना जातस. आयकत कोनी नही." आबांनी खाट पुढं ओढली. "बस. मन्ही आंडेर सुरतले नर्स शे..."

लेकीबद्दल 'होती' म्हणायला त्यांची जीभ अजून वळत नव्हती. ताईंनी वही उघडली, पण पेन्सिल टेकवली नाही. आधी ऐकत राहिल्या.