कच्चा दोरा

तनुजाच्या बॅगेला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. आता घरात होतं तरी कोण म्हणा, एक ती आणि एक तिची आई चतुराबाई. पण केर काढताना म्हातारीच्या पदराचा वारा जरी त्या बॅगेला लागला, तरी ही लेक आतल्या खोलीतून खेकसायची. पॉलिटेक्निकात पोरांना शिकवून शिकवून आवाज असा तयार झाला होता की शेजारच्या फ्लॅटमधली भांडीसुद्धा गप्प व्हायची.

बॅग पॅराशूटची होती. लोक सुट्टीच्या दिवशी दौलताबादला जातात, मॉलमध्ये जातात. ही बाई विमानातून उडी मारायची. एक-दोनदा हौस म्हणून नाही बरं का, उड्यांचा आकडा हजाराच्या घरात गेला होता. इतका अनुभव असला की माणसं लहान, चपळ छत्री घेतात. वाऱ्यासारखी पळते आणि फोटोतही छान दिसते. तनुजानं चांगली ऐसपैस, पोपटी रंगाची घेतली. सोबतचे हसले. ती म्हणाली, मला मिरवायचं नाही, घरी जेवायला यायचंय.

दर शनिवारी संध्याकाळी हॉलमधला सोफा भिंतीला लागायचा आणि फरशीवर ते पोपटी कापड पसरायचं. एकेक दोरी हातातून सरकवत ती बघायची, कुठं तंतू सुटलाय का, कुठं टाका उसवलाय का. सैल पडलेला रबर दिसला की बदललाच. मग घड्या. चतुराबाई दारात बसून तोंडाला पदर लावायच्या. साडीची घडी कधी धड घातली नाही आणि हिच्या बघा, असं त्यांचं दर शनिवारचं ठरलेलं.

पण ही घडी खालच्या, रोजच्या छत्रीची. वर आणखी एक असते, राखीव. रोजचीनं दगा दिला तर उजवीकडचं लाल हँडल ओढून ती सोडून द्यायची आणि डावीकडचं चंदेरी ओढून राखीव उघडायची. या राखीवला तनुजासुद्धा हात लावत नसे. ती घडी लायसन्सवाल्या पुंडलिकमामांची. घडी झाली, पिन बसली, की मामा त्या पिनेला बारीक लाल दोरा बांधून त्याला शिशाचं सील ठोकायचे. मामांच्या नंतर कुणी छेडछाड केली नाही, एवढंच तो दोरा सांगतो. हँडल ओढलं की तो पटकन तुटावा म्हणूनच तो कच्चा असतो.

हे तुम्हाला मी सांगितलं. चतुराबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एका शनिवारी विचारलं होतं, ह्यो लाल दोरा कशाचा गं? तनुजा तेव्हा गुडघ्यांखाली कापड दाबून त्यातली हवा काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तो दोरा शाबूत आहे तोवर मी शाबूत. आता बोलू नको."

झालं. तेवढंच बोलली.

आता चतुराबाई म्हणजे फुलंब्रीकडची बाई, उभी हयात वाकळी शिवण्यात गेलेली. दोरा हातात घेतला की त्याची जात ओळखणार. लेकीचा जीव ज्या दोऱ्यावर, तो शिवणयंत्राच्या दोऱ्याहून पातळ! कुण्या अर्धवट माणसाचं काम, असं त्यांच्या मनानं घेतलं. आठवडाभर त्यांना धड झोप लागली नाही. लेकीला सांगावं तर ती अंगावर येणार.

त्या रविवारी त्या पहिल्यांदाच लेकीबरोबर माळावर जायला निघाल्या. लासूर स्टेशनच्या अलीकडं एका बंद पडलेल्या कारखान्याची धावपट्टी आहे, तिथं हिवाळ्यात या उड्या मारणाऱ्यांचं शिबिर असतं आणि नवख्या पोरांना तनुजाच शिकवते. निघायच्या आधी तनुजानं हॉलमध्ये बॅग तपासली. पिना, दोरा, पट्टे, सगळं जागच्या जागी. झडप लावली आणि ती गाडी काढायला खाली गेली.

माळावर वारा बेताचा होता. तनुजाची पहिल्याच विमानात पाळी होती, सोबत अभय आणि आणखी एक पोरगा. अभय लासूरचाच, चितेगावला कंपनीत कामाला, महत्प्रयासानं सुट्टी मिळवून आलेला. तनुजानं सवयीनं त्याचीही बॅग उघडून बघितली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पिन ज्या दोरीच्या फासातून जाते, तो फास पार झिजला होता. या बॅगेनं उडी नाही, तिनं सांगून टाकलं. पोराचं तोंड एवढंसं झालं. एक उडी मारू द्या, मग बदलतो, असं तो म्हणत होता, पण ही ऐकते कसली. नियम म्हणजे नियम.

मग तिलाच दया आली. आपली बॅग तिनं त्याच्या पुढ्यात ठेवली. तू जा, मी पुढच्या फेरीत जाईन म्हणाली. छत्री ऐसपैस, त्याच्या वजनाला चालणारी. विमानाचा पंखा सुरू झालेला, पायलट राजकुमार हातानं चला चला करत होता. अभयनं पट्टे आवळले आणि पाठीवरची राखीवची झडप उघडून बघ, असं सोबत उडी मारणाऱ्या त्या पोराला सांगायला लागला.

"सकाळी मीच बघितलीय," तनुजा म्हणाली. "माझ्या शब्दावर भरोसा नाही का?"

तिच्या शब्दावर भरोसा नसणारा माणूस त्या माळावर नव्हता. अभय हसला आणि विमानाकडं पळाला. जो घालतो त्यानं बघायचं, हा नियम पोरांच्या डोक्यात खिळे ठोकावेत तसा तिनंच ठोकला होता. त्या दिवशी तिनंच तो मोडला.

विमान वर घिरट्या घेत बारीक होत गेलं. चतुराबाई मांडवात डबा सोडून बसल्या होत्या. धपाटे, दही, लसणाची चटणी. तनुजाला मोकळ्या हातानं येताना बघून त्यांनी विचारलं, बॅग कुठाय? अभयला दिली, तो गेलाय वर, तिनं सांगितलं आणि धपाट्याचा तुकडा मोडला.

चतुराबाईंचा चेहरा खुलला. "बरं झालं. त्याच्या माईचंबी लेकरू सुखरूप येईल. मी आज लई पक्की करून दिलीय."

तुकडा तनुजाच्या हातातच राहिला. काय पक्की केली, तिनं विचारलं.

"त्यो दोरा गं. लई कच्चा व्हता. तू गाडी काढाया गेलीस तवा मेणाचा दुहेरी घातला, पिनीला चार येढे दिले. पिनीखाली कापडाच्या पाकळ्या मिटत्यात, त्यांनाबी टाके मारले, वाकळीला मारते तसे. आता सात जन्म सुटायचा नाय."

तनुजाच्या तोंडचं पाणी पळालं. सुटायचा नाय. चंदेरी हँडल दोन्ही हातांनी ओढलं तरी सुटायचा नाय. पिन निघणार नाही आणि पाकळ्या उघडणार नाहीत. बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी आत एक यंत्र असतं, ते वेळेवर फास कापतं. पण फास कापला तरी आईचे टाके कोण कापणार?

ती वॉकीटॉकीकडं धावली. ताटातलं दही कलंडलं, तिकडं बघितलंही नाही. बटण दाबून ती ओरडायला लागली, अभयला थांबव, राजकुमार, अभयला उडी मारू देऊ नको. आधी नुसती खरखर आली. मग राजकुमारचा निवांत आवाज आला, गेले ना मॅडम दोघंही, आत्ताच.

वर निळ्या आभाळात दोन ठिपके होते. खाली उभं राहून बघण्याशिवाय काही करता येत नव्हतं. चांगली उघड गं बाई, ती आपल्या छत्रीला विनवत होती, दर घडीला हात लावून तुला बसवलंय मी. एक ठिपका फुलला, निळा. मग दुसरा. पोपटी. तिनं श्वास सोडला आणि तेवढ्यात तिला दिसलं की पोपटी छत्री सरळ येत नाही, गरगरा फिरतेय. दोऱ्यांना पीळ बसला होता. छत्रीखाली अभय भोवऱ्यासारखा फिरत होता.

पीळ कुणालाही बसतो, तो काही मोठा नाही. पाय झाडायचे, दोऱ्या फाकवायच्या, सुटतो. नाही सुटला तर मात्र विचार करत बसायचं नाही. लाल हँडल ओढायचं, ती छत्री सोडायची आणि राखीव उघडायची. हेही तनुजानंच शिकवलेलं. शंका आली की सोड, असं पोरांकडून घोकून घेतलेलं. अभय तिचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळणारा.

"सोडू नको," ती खालून म्हणाली. मग किंचाळली. तिचा शेजाऱ्यांना गप्प करणारा आवाज त्या माळावरच विरून गेला. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, या पोरानं माझं काही ऐकू नये. माझा एक शब्द याच्या ध्यानात राहू नये.

चतुराबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. काय झालं हे त्यांना कळलं नव्हतं. छत्री फिरतच होती आणि खाली खाली येत होती. अभय पाय झाडतोय हे आता डोळ्यांना दिसत होतं. एकदा त्याचा उजवा हात छातीशी गेला. तनुजानं डोळे मिटले.

उघडले तेव्हा छत्री उलटी फिरत होती. एक वळसा, मग दुसरा, जरा सावकाश. मग ती थांबली आणि जत्रेतून येणाऱ्या बैलगाडीसारखी डुलत डुलत सरळ झाली.

अभय पट्टीच्या कडेला उतरला तेव्हा तनुजा तिथं पोचलेली होती. तिनं त्याला उभंही राहू दिलं नाही, पाठीमागून झडप उचकटली आणि गुडघ्यांवर बसली. आत पिवळट मेणाचे सुबक टाके होते, एकाला एक लागून. त्यांच्या खाली मामांचा लाल दोरा, शाबूत. अभयनं पाठीवरून बॅग उतरवली, बघितलं आणि मटकन खाली बसला. बराच वेळ तो टाक्यांवरून बोट फिरवत राहिला.

"लाल हँडलला हात घातला होता, ताई," तो म्हणाला. "मग म्हटलं, तुमची छत्री हाय, सोडली तर कुठंतरी उसात जाऊन पडंल, तुम्ही जीव घ्याल माझा. म्हणून अजून एकदा पाय झाडले."

तनुजाला रडू फुटलं. पोरांसमोर ती कधी रडली नव्हती. तोवर चतुराबाई धापा टाकत येऊन पोचल्या, आणि लेक त्यांच्यावर अशी तुटून पडली की अभयलाच मधे उभं राहावं लागलं. तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला, मारलं असतंस याला, तुझ्या त्या टाक्यांनी. जे तोंडात येईल ते ती बोलली.

चतुराबाई ऐकत राहिल्या. त्यांचा एक हात अभयच्या दंडाला घट्ट धरलेला होता. लेकीचा दम संपल्यावर त्या म्हणाल्या, "दोरा तुटाया पायजे, हे मला कुणी सांगितलं व्हतं, तनू? तू म्हणालीस शाबूत पायजे. मी शाबूत केला."



तनुजानं मांडवातून कात्री आणली, बॅग आईच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः शेजारी बसली. जिला हात लावायची बंदी, ती बॅग. चतुराबाईंनी आपले टाके एकेक करून कापले. वाकळ उसवताना कापडाला जपतात तसं जपून. मेणाचा शेवटचा तुकडा निघाल्यावर तनुजानं त्यांचा हात चंदेरी हँडलवर ठेवला आणि ओढ म्हणाली.

म्हातारीला आधी धीर होईना. अभयनं मान हलवली, तेव्हा त्यांनी ओढलं. टक् असा आवाज आला, ज्वारीचं कणीस मोडताना येतो तेवढाच. आतली स्प्रिंग एकदम उसळली आणि पांढरं शुभ्र कापड त्यांच्या मांडीवर येऊन पडलं. त्या दचकून मागं सरकल्या. मग त्यांनी गवतातून तुटलेला लाल दोरा शोधून काढला आणि दोन बोटांत धरला.

"इतक्यात तुटतो?" त्यांनी विचारलं.

"इतक्यात तुटतो म्हणूनच मी घरी येते, आई."

चतुराबाईंनी तो दोरा पदराच्या टोकाला बांधला आणि अभयला म्हणाल्या, तुझ्या माईकडं घेऊन चल, मला तिच्या पाया पडायचंय.