टाकीचा कल आणि काटकोनांची मान

दिनांक सतरा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी बसस्थानकावर एकोणीस प्रवासी उतरले. त्यांपैकी अठरा जणांच्या माना सरळ होत्या.

एकोणिसावे काटकोन. रात्रभर खिडकीला डोके टेकून झोपल्यामुळे त्यांची मान डाव्या खांद्याकडे कलली होती, ती उतरल्यावरही कललेलीच राहिली. मित्र मिठी मारायला पुढे आला, तेव्हा त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहत ते म्हणाले, "पेन्सिल, तुमच्या बसस्थानकाची पाटी तिरकी बसवलीय."

पेन्सिल म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. तंत्रनिकेतनाच्या वसतिगृहात दोघे एका खोलीत राहत. त्या काळी ओव्हरसियर शिडशिडीत होते म्हणून पेन्सिल, आणि त्यांचा मित्र चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेशी नव्वद अंशांत ठेवी म्हणून काटकोन. पुढे पेन्सिलीला पोट सुटले. पण टोपणनावाला पोट सुटत नाही, ते तसेच राहिले. काटकोन पूल तपासण्याच्या खात्यात लागले आणि दुसऱ्यांच्या बांधकामाला नावे ठेवण्याबद्दल त्यांना दरमहा पगार मिळू लागला.

पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीत काटकोनांनी ओव्हरसियरांच्या एकाही कामाला 'उत्तम' म्हटले नव्हते. त्यांची वरची पायरी म्हणजे 'चालेल'. ओव्हरसियरांनी आयुष्यात बरेच काही बांधले, पण जीव ओतून बांधली ती एक पाण्याची टाकी. तिचा फोटो त्यांनी मोठ्या हौसेने काटकोनांना पाठवला होता, तर उत्तर आले, "फोटो स्पष्ट आहे." तेव्हापासून ओव्हरसियरांच्या मनात एकच होते. हा माणूस एकदा गावात यावा, टाकीखाली उभा राहावा आणि त्याच्या तोंडून तो शब्द निघावा. आज तो दिवस उगवला होता, पण मान वाकडी करून.

"भावजी, मान अवघडलीय का?" चहा देताना ओव्हरसियरांच्या पत्नीने विचारले.

"छे हो वहिनी. मान ठीक आहे. तुमचं कॅलेंडर तिरकं आहे." काटकोनांनी उठून ते सरळ केले, म्हणजे चांगले तिरके केले.

वहिनींनी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. "अहो, टाकी उद्या दाखवा. आज शेक देऊ, मलम लावू. आज हे गृहस्थ सूर्यालासुद्धा तिरका उगवलास म्हणतील."

"उद्या सकाळच्या बसने तो परत चाललाय."

"मग मान सरळ करून आणा आधी."

तसा एक प्रयत्न झाला. गाव दाखवायला निघाल्यावर ओव्हरसियरांनी सहज बोलता बोलता पाहुण्यांना, टाकी दिसू नये म्हणून मागच्या दाराने, न्हाव्याच्या दुकानात नेले. टाकीच्या समोरच्या रांगेतला हा न्हावी माना मोडण्यात वाकबगार होता, आणि बातम्या जोडण्यातही. त्याने हात चोळत विचारले, "साहेब, एक झटका देऊ?"

"कशाला?"

"मानेला."

"माझ्या मानेला धाड भरलेली नाही," काटकोन म्हणाले. "तुझा आरसा तिरका आहे. त्याला झटका दे."

न्हाव्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण गिऱ्हाईक खुर्चीत बसले होते. तो आरसा पुसू लागला.

पुढचे दोन तास ओव्हरसियरांनी टाकीकडे जाणारा प्रत्येक रस्ता टाळला. मान आपोआप सुटेल, या आशेवर त्यांनी वाचनालय दाखवले. तिथले घड्याळ तिरके निघाले. नदीवरचा पूल दाखवला. त्याचा कठडा तिरका निघाला, आणि काटकोनांनी तो एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने तपासला. बागेतल्या बाकावर बसले, तर बाक तिरका म्हणून उठले. ओव्हरसियर सगळे गिळत होते. घड्याळ काही त्यांनी बांधलेले नव्हते. पण टाकीचे खांबच वीस मीटर उंच होते. गावात कुठेही जा, ती घरांच्या वरून डोके काढून बघतच होती. शेवटी बेकरीच्या कोपऱ्यावर काटकोन थबकले.

"ती तुझी का?"

"हो."

काटकोनांनी टाकीच्या मुख्य फाटकासमोर जाऊन पाय फाकवले, हात कमरेवर ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"पेन्सिल," काटकोन म्हणाले, "उजवीकडे कललीय."

सकाळपासून गिळलेले सगळे एकदम वर आले. "तुझी मान कललीय, मान! डावीकडे! गाढवासारखा खिडकीत झोपलास आणि माझ्या टाकीला नावं ठेवतोस? ही टाकी सरळ आहे. सुतासारखी सरळ!"

"मोजून दाखव."

"दाखवतो!"

तंत्रनिकेतनात शिकलेल्या दोन माणसांचे भांडण इथवर आले की तिसऱ्याने मध्ये पडू नये. ओव्हरसियरांनी पलीकडच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, म्हणजे दोरीला बांधायचे टोकदार वजन. किराणा दुकानातून सुतळीचा बंडल घेतला. बेत साधा होता. टाकीच्या पोटाखालच्या गॅलरीत चढून, उजव्या खांबापासून बाहेरच्या बाजूला तीनशे मिलिमीटर अंतरावरून ओळंबा खाली सोडायचा. टाकी सरळ असेल तर खालीही दोरी खांबापासून तीनशेच भरेल. उजवीकडे कललेली असेल तर जास्त भरेल, डावीकडे असेल तर कमी.

"फक्त वाऱ्याने ओळंबा हलेल," काटकोन म्हणाले. "खाली बादलीभर पाणी हवं. ओळंबा त्यात बुडला की स्थिर होतो."

"तेवढी अक्कल मलाही आहे. बादली मिळेल."

बादली मिळाली नाही. कारण न्हावी दारात उभा राहून 'कललीय' हा शब्द ऐकत होता. सकाळचा आरसा त्याच्या मनात होताच. त्याने गिऱ्हाइकाला सांगितले, "टाकी कललीय, खास परगावचा इंजिनियर आणलाय." अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाने बेकरीवाल्याला सांगितले, "टाकी पडणार." बेकरीवाल्याने विचारले, "कधी?" आणि कोणालाच माहीत नसल्यामुळे सर्वजण 'आत्ता' असे धरून चालले. टाकी पडली तर पाणी बंद. मग गल्लीतल्या घराघरांत नळ पूर्ण सोडले गेले आणि बादल्या, टब, घागरी, एवढेच काय, फुलदाण्यासुद्धा नळाखाली लागल्या.

"काकू, एक बादली द्या हो, पाच मिनिटं," काटकोनांनी एका दारात विनवले.

"वा! टाकी तुम्ही पाडणार आणि बादली आम्ही द्यायची?"

इतक्यात व्हॉल्व्हमन सायकल आपटत आला. "साहेब! टाकी घटाघटा रिकामी होतेय! कुठं फुटलं काय?"

"काही फुटलेलं नाही," गॅलरीतून ओव्हरसियर ओरडले. एव्हाना ते धापा टाकत वर पोहोचले होते.

"मग तुम्ही वर काय करताय?"

"सरळ आहे का बघतोय!"

हे ऐकून जमावाची पाचावर धारण बसली. ज्याने बांधली त्यालाच खात्री नाही! टाकी उजवीकडे पडणार, असे परगावच्या इंजिनियराने सांगितलेले. तेव्हा उजवीकडचे सगळे लोक भरलेल्या बादल्या सावरत डावीकडे जाऊन उभे राहिले. पळून कोणीच गेले नाही, कारण पडताना बघायचे होते.

गर्दीतून वाट काढत वहिनी आल्या. काखेत मोठे पातेले होते, कारण त्यांनीही बातमी ऐकली होती आणि त्यांच्या घरचा नळ आटला होता.

"अहो! खाली उतरा! टाकी पडतेय म्हणतात!"

"पडत नाहीये! पातेलं दे काटकोनाला!"

"पाणी भरायला आणलंय ते!"

"पाणी भरूनच दे!"

वहिनींनी कपाळावर हात मारला. शेजारणीच्या टबातून तिच्यादेखत पातेलेभर पाणी उपसून घेतले आणि दोरीखाली ठेवले. ओळंबा पाण्यात बुडाला, थोडा घुटमळला आणि थांबला. गर्दीही थांबली.

आता मोजायचे होते. काटकोनांनी वाकून पट्टी लावली, पण मान वाकडी असल्याने आकडे नीट वाचता येईनात. ते गुडघ्यांवर बसले, तरी जमेना. शेवटी ते सरळ धुळीत डाव्या कुशीवर आडवे झाले. त्या अवस्थेत त्यांची मान दिवसात प्रथमच जमिनीशी एकमत झाली.

"किती?" वरून आवाज आला. त्या आवाजात टाकीपेक्षा जास्त काही टांगलेले होते.

काटकोनांनी पट्टी उलटी करून पुन्हा लावली. "वर बरोबर तीनशे धरलंयस ना?"

"बरोबर तीनशे! खाली किती?"

"दोनशे एक्याण्णव."

वर ओव्हरसियरांनी बोटांवर वजाबाकी केली.

"म्हणजे उजवीकडे नाही," ओव्हरसियर हळूहळू म्हणाले. "तू चुकलास."

"पण सरळही नाही. तूही चुकलास. डावीकडे कललीय!"

'डावीकडे' हा शब्द कानावर पडताच डावीकडे उभा असलेला अख्खा जमाव किंचाळत उजवीकडे धावला. बादल्या हिंदकळल्या, बेकरीवाला न्हाव्यावर आपटला, अर्ध्या दाढीवाल्याच्या उरलेल्या फेसावर कोणाची तरी घागर रिकामी झाली.

"अरे, नऊ मिलिमीटर!" ओव्हरसियर गॅलरीच्या कठड्यावरून घसा फोडून ओरडत होते. "वीस मीटरला नऊ मिलिमीटर! करंगळीच्या नखाएवढं! पडायला काय ती पत्त्यांची आहे?"

"मग आम्ही पाणी कशाला भरलं?" गर्दीतून कोणीतरी रागाने विचारले.

"हे मला काय विचारता!" व्हॉल्व्हमन कळवळला. "ओता, सगळं परत ओता!" पण परत कुठे ओतायचे, हे त्यालाही सांगता येईना. शेवटी लोक बादल्या घेऊन, कुरकुरत, गळत, आपापल्या घरी गेले.

ओव्हरसियर खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. आयुष्यभर सुतासारखी सरळ म्हणून मिरवलेली टाकी, आणि तीही काटकोनासमोर नऊ मिलिमीटर! आता एकच वाक्य ऐकायचे बाकी होते, आणि ते कोणते असणार हे त्यांना ठाऊक होते.

काटकोन धुळीतून उठले. कपडे झटकून ते ओळंब्याच्या दोरीकडे पाहत राहिले. वीस मीटर दोरी, वारा सुटलेला, खाली उधारीच्या पाण्याचे पातेले, वर धापा टाकणारा साठी उलटलेला माणूस, आणि तरी दोरी तसूभरही हललेली नव्हती.

"टाकी," ते म्हणाले, "चालेल."

ओव्हरसियरांनी मान खाली घातली.

"मोजमाप मात्र उत्तम."

"काय म्हणालास?"

"ऐकलंस की."

"पुन्हा म्हण. अगं, इकडे ये! ऐकलंस का तू? साक्षीदार हवा मला!"

"ऐकलं, ऐकलं," वहिनी पातेले उचलत म्हणाल्या. "आता दोघं घरी चला. भावजी, तुम्ही आधी शेक घ्या. आणि हे पाणी सांडू नका, घरात तेवढंच उरलंय."

पंचेचाळीस वर्षांत काटकोनांनी ओव्हरसियरांना उद्देशून उच्चारलेले 'उत्तम': एकूण एक.