पोस्टापर्यंतचे तिकीट

मी एक जुने डेबिट कार्ड आहे, मित्रांनो. माझा एक कोपरा कापलेला आहे, अंगावरची अक्षरे झिजली आहेत आणि माझ्यावर छापलेली मुदत केव्हाच टळून गेली आहे. तुम्ही म्हणाल, कार्डाला कसले आले आहे चरित्र? पाकिटातून निघायचे आणि पाकिटात शिरायचे! पुष्कळ दिवस मलाही तसेच वाटत होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. प्लास्टिकचे पातळ थर एकावर एक रचून, तापवून, दाबून मला घडवले. त्या थरांच्या मधोमध केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे बसवले. ती तार बाहेरून दिसत नाही, पण माझा सगळा जीव तिच्यात. मला स्वतःचे बळ नाही. यंत्राच्या अगदी जवळ नेले की ते बळ मला यंत्राकडूनच मिळते. मग मी माझी ओळख सांगते, यंत्र ‘टुंक्’ करते आणि काम फत्ते होते. दूर धरले तर मी नुसती प्लास्टिकची पट्टी.

एका पाकिटात बंद होऊन मी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत येऊन पडले. त्या घरात तिघीजणी राहत. आई इस्पितळात परिचारिका होती. थोरली मुलगी कचेरीत कामाला होती आणि धाकटीला नुकतीच चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली होती. काचा घासून चौकटीत बसवायचे काम. हात असा हलका, की काच बसली तरी आवाज होऊ नये. मी या धाकटीचे कार्ड.

धाकटी बोलताना अडखळायची. सगळ्याच अक्षरांवर नाही. ‘द’ गुणी होता, ‘ल’ शहाणा होता. ‘प’ मात्र तिचा वैरी. ओठ मिटायचे ते मिटलेलेच राहायचे. मानेची शीर फुगायची, डोळे घट्ट मिटले जायचे, आणि शब्द काही दाराबाहेर पाऊल टाकायचा नाही. दडपण आले की बाकीची अक्षरेही फितूर व्हायची.

थोरलीचे याच्या अगदी उलट. तिचे तोंड म्हणजे सकाळी लावलेला रेडिओ. धाकटीने ‘प...’ म्हटले रे म्हटले, की ही सुरू! “पाणी? पंखा? पिशवी? पैसे?” त्यातला एखादा शब्द बरोबर निघाला की धाकटी मान हलवायची. थोरली हे प्रेमानेच करायची. बसमध्येही तीच कंडक्टरला सांगायची, “एक पोस्ट, एक पेट्रोल पंप.” धाकटी खिडकीतून बाहेर बघत बसायची. दोघींचा प्रवास असा एका तोंडावर चालला होता.

मग थोरलीची बदली दुसऱ्या गावी झाली.

निघताना ती दारात थबकली. “जमेल ना गं तुला एकटीला?”

धाकटीने मान हलवली. मान हलवायला ‘प’ लागत नाही.

चष्म्याचे दुकान पोस्टाच्या स्टॉपवर होते. दुसऱ्या दिवशी बस भरलेली. कंडक्टर माणसांतून वाट काढत आला. “कुठं?”

“प... प...”

“लवकर बोला ताई, पुढं जायचंय.”

“प...”

“रेंज गेली वाटतं!” मागून कोणीतरी म्हणाले, आणि चारपाच जण हसले.

धाकटी लाल झाली. मग एका दमात म्हणाली, “दवाखाना.”

दवाखाना हा पोस्टाच्या अलीकडचा स्टॉप. तेवढेच तिकीट मिळाले. दवाखान्याला ती उतरली आणि रेल्वेवरचा लांबलचक पूल पायी ओलांडून दुकानात गेली. पुढचा एखादा स्टॉप सांगून पोस्टाला उतरावे म्हटले, तर पोस्टाच्या पुढे होती पोलीस चौकी, आणि तिच्या पुढे पेट्रोल पंप! जणू सगळ्या ‘प’नी मिळून त्या बाजूला वस्ती केली होती. एकदा तिने स्टॉपचे नाव कागदावर लिहून दाखवले. तेव्हा कंडक्टर तिच्याशी हातवारे करून बोलू लागला आणि शेजारच्या बाईंनी कीव येऊन जागा दिली. तो कागद तिने उतरल्याबरोबर फाडून टाकला.

मी हे सारे पर्समधून ऐकत होते. मला काय करता येणार? त्या काळी महिन्यातून एकदा पैसे काढण्यापुरती माझी आठवण व्हायची. एरवी मी पर्सच्या तळाशी, किल्ल्यांचे ओरखडे खात पडलेले.

त्या बसच्या आधीची बस नव्हती, आणि पूल काही आखूड होत नव्हता. धाकटी रोज उशिरा पोचू लागली. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, माणूस म्हणून वाईट नव्हते, पण वेळेचे पक्के. दोनतीनदा ते नुसते घड्याळाकडे बघून खाकरले. मग एक दिवस म्हणाले, “हे बघ पोरी, तुझा हात सोन्याचा आहे. पण गिऱ्हाईक दारात आणि तू रस्त्यात, असं किती दिवस चालणार? कारण असेल तर सांग. नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल.”

कारण सांगायचे तर पुन्हा ‘पोस्ट’च म्हणायला हवे होते. धाकटीचे ओठ मिटले. काकांना वाटले, पोरगी हट्टी आहे.

त्या रात्री ती आईजवळ एवढेच म्हणाली, “न... नको ती नोकरी.” आईने तिच्या केसांतून हात फिरवला.

आणि नेमके त्याच आठवड्यात बसच्या दाराशी एक नवे यंत्र बसले. हिरवट चेहऱ्याचे, हातभर उंचीचे. कंडक्टर दाराशी उभा राहून लोकांना शिकवत होता. धाकटी चढली तेव्हा त्याने विचारले, “कार्ड आहे? मग इथं टेकवा. उतरताना परत टेकवा. भाडं आपोआप कापलं जातं. बोलायचं काम नाही.”

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. “क... काहीच?”

“काही नाही. मुकाट्यानं चढा, मुकाट्यानं उतरा. आमच्याही घशाची कटकट गेली.”

तिने पर्स उघडली. किल्ल्या, रुमाल, डब्याचा चमचा बाजूला सारत तिची बोटे माझ्यापर्यंत पोचली. तिने मला यंत्रावर टेकवले. माझ्या तारेतून झिणझिण गेली, मी माझी ओळख सांगितली आणि यंत्र म्हणाले, ‘टुंक्!’

मित्रांनो, बस दवाखान्याला थांबली तेव्हा धाकटी जागची हलली नाही. बस पुलावर चढली. ज्या पुलावरून ती रोज घाम पुसत जायची, तो तिने खिडकीत बसून पाहिला. पोस्टाला उतरताना तिने मला पुन्हा टेकवले, आणि काकांनी दुकानाचे शटर पुरते वर सारण्याआधी ती दारात हजर होती. काकांनी घड्याळाकडे पाहिले. मग तिच्याकडे पाहिले. मग खाकरायचे विसरून गेले.

तेव्हापासून माझे दिवस पालटले. मला पर्सचा वेगळा कप्पा मिळाला. किल्ल्यांची संगत सुटली. चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ कापडाने ती मलाही पुसायची. आई कौतुकाने म्हणायची, “या एवढ्याशा कार्डानं माझ्या लेकीची नोकरी वाचवली.” मी पर्समध्ये फुगून जायचे. आपणच हिची जीभ झालो, असे मला वाटू लागले.

पण हळूहळू माझ्या लक्षात एक गोष्ट आली. धाकटी आता बसमध्ये बोलत नव्हती, तशी कुठेच बोलत नव्हती. जिथे मला टेकवून काम होईल त्याच दुकानात ती जायची. थोरलीचा फोन आला की हिच्या बाजूने ‘हं’, ‘हो’, ‘बरं’, एवढेच. काकांनी एकदा म्हटले, “दुपारी जरा काउंटर सांभाळशील का?” तर तिने जोरजोरात मान हलवून नाही म्हटले आणि ती काचा घासायच्या चाकाकडे पळाली. तिची नोकरी टिकली होती, पण आवाज चालला होता. आणि यावर मजजवळ इलाज नव्हता. मी फक्त ‘टुंक्’ करवू शकते.

एके सकाळी दवाखान्याच्या अलीकडे बसमध्ये एक आजोबा चढले. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात चष्म्याचे दोन तुकडे. ते कार्ड कधी दांड्याला लावत, कधी ड्रायव्हरमागच्या काचेला. कंडक्टर आता बसवर नसायचा. ड्रायव्हर ओरडला, “आजोबा, तिथं नाही! खाली, खाली!” आजोबा आणखीच गोंधळले. धाकटी पुढच्याच बाकावर होती. ती उठली, तिने त्यांचे मनगट धरून कार्ड यंत्राला लावले आणि त्यांना आपल्या शेजारी बसवले.

“देव तुमचं भलं करो,” आजोबा म्हणाले. “चष्म्यावाचून मला सगळं जग धुक्यात दिसतं. चष्म्याच्या दुकानात जायचंय. कुठल्या स्टॉपला उतरू?”

धाकटीने बोटाने पुढची दिशा दाखवली. आजोबांना बोट दिसले नाही. तिने मान हलवली. तीही दिसली नाही.

“ऐकताय ना?” आजोबांनी चाचपून पाहिले, शेजारी कोणी आहे की नाही.

एवढ्यात बस दवाखान्याला थांबली. “हेच का?” म्हणत आजोबा घाईने उठले. बाहेर गाड्यांचा लोंढा चालला होता. धाकटीने त्यांची बाही घट्ट पकडून त्यांना खाली बसवले. बस सुटली. आजोबा तिच्याकडे चेहरा करून थांबले. आता मान हलवून भागण्यासारखे नव्हते.

मी तिच्या मुठीत होते. मूठ ओली झाली होती.

“प...” ओठ मिटले. मिटलेलेच राहिले. “प...”

आजोबांना तिची फुगलेली शीर दिसत नव्हती, तिचे मिटलेले डोळे दिसत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर कीव नव्हती की घाई नव्हती. ते नुसते ऐकत होते.

“सांगा, सांगा,” ते म्हणाले. “मी इथंच आहे. चष्म्याशिवाय पळून कुठं जाणार?”

धाकटीला हसू आले. आणि त्या हसण्याबरोबर कुठला तरी अडसर निघाला. “प... पोस्ट.”

“पोस्ट! म्हणजे पूल उतरला की?”

“हो. मी प... पण तिथंच उतरते. त्याच दुकानात क... काम करते.”

“अरे वा! मग आज माझं नशीब उघडलं म्हणायचं.”

मग धाकटीने आपणहून विचारले, “चष्मा मोडला क... कसा?”

“त्याच्यावर बसलो! तासभर घरभर चष्मा शोधत होतो, आणि तो माझ्याच बुडाखाली.”

धाकटी मोठ्याने हसली. पूल संपेपर्यंत दोघे बोलत होते. ती अडत होती, ते थांबत होते, आणि गोष्ट पुढे जात होती. खरे सांगते मित्रांनो, त्या बोलण्यात माझा काडीचाही वाटा नव्हता.

दुकानात तिने आजोबांना खुर्चीवर बसवले. चौकट जोडता येईल का, काच कुठली लागेल, किती वेळ थांबावे लागेल, हे सगळे तिने त्यांना सांगितले. अडखळत सांगितले, पण सांगितले. काका आतल्या पडद्याआड हातात छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते. आजोबा गेल्यावर ते बाहेर आले.

“तुला बोलायला आवडत नाही असं मला वाटायचं,” ते म्हणाले.

“आवडतं. प... पण अडतं.” आणि मग तिने ती दवाखान्याची, पुलाची आणि उशिराची सगळी हकिकत सांगून टाकली.

काकांनी चष्मा काढला आणि तो स्वच्छ असूनही पुसला. “अगं वेडे, स्टॉपचं नाव बदलणं माझ्या हातात नव्हतं. दुकानाची वेळ तर होती! एकदा सांगायचंस.”

“तेच तर ज... जमत नव्हतं, काका.”

त्या दिवसापासून दुपारचा काउंटर धाकटीकडे आला. घरी थोरलीचा फोन आला आणि तिने सवयीने “पगार? पाऊस? पाहुणे?” सुरू केले, तेव्हा धाकटी म्हणाली, “थांब ना ताई, मलाच स... सांगू दे.” पलीकडे थोरली पहिल्यांदाच गप्प बसली. तिला ते फार जड गेले असणार!

धाकटीचे अडखळणे गेले का? नाही गेले. आजही ‘प’ मधूनच आडवा येतो. ती थांबते, श्वास घेते आणि पुन्हा सुरू करते.

पुढे मी म्हातारे झाले. कडेला भेग पडली, आतली तार तुटली, बसचे यंत्र मला ओळखेनासे झाले. घरी नवे कार्ड आले. आता आपली रवानगी कचऱ्यात, असे मी धरून चालले होते. धाकटीने माझा सोनेरी चिपेचा कोपरा कात्रीने कापला, नियमच आहे तो. पण उरलेले मला तिने दुकानात आणले. नवा चष्मा घातला की गिऱ्हाइकाला बारीक अक्षरांचा तक्ता वाचायला देतात ना? तो वाचताना नजर घसरू नये म्हणून ती मला ओळीखाली आडवे धरते. हेच माझे आताचे काम.

तेव्हा मित्रांनो, माझ्या भाऊबंदांना जपा. आम्हाला वाकवू नका, किल्ल्यांशी झुंजायला लावू नका. आमची तार नाजूक असते. आणि समोरचे माणूस एखाद्या शब्दाशी अडले, तर तो शब्द त्याच्या तोंडातून ओढून घेऊ नका. तो शब्द त्याचा आहे. त्याला तो स्वतःच्या हाताने बाहेर आणू द्या.

पण आता मला कामाला लागले पाहिजे. एक ट्रकचालक खुर्चीवर येऊन बसला आहे. केवढा दांडगा माणूस, पण तक्ता हातात घेताच घामाघूम झाला आहे. अक्षरे जुळवायला त्याला वेळ लागतो. “स... मु... समु...” मागे थांबलेले एक गृहस्थ त्याला शब्द सांगायला पुढे वाकले. धाकटीने हात वर करून त्यांना थांबवले आणि मला ओळीखाली नीट धरले.

“...द्र. समुद्र,” ट्रकचालक म्हणाला. मग त्याने नाकावरचा नवा चष्मा सावरला आणि आपणहून म्हणाला, “ताई, खालची ओळ दाखवा.”